आधी सांधे पाहा, मग खेळणे



गेल्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. वय चौऱ्याहत्तर. उभे आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत इंजिने उघडण्यात आणि पुन्हा जुळवण्यात गेलेले. खुर्चीवर बसताच नातवाने रुमालात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. सोनेरी झाक असलेला, वीतभर उंचीचा यंत्रमानव. एक पाय मांडीतून निखळलेला. “डॉक्टरकाका, हा आजोबांच्या हातून मोडला. बाबा जपून ठेवायचे,” तो म्हणाला. आजोबांची मान खाली होती.

घरातील खेळण्यांकडे आपण मुलांची वस्तू म्हणून पाहतो. पण दुपारभर नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांच्या हातांतूनही ती जात असतात. म्हणून आज या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवाचीच तपासणी करू.

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने ही खेळणी जगभर ओळखली जातात. जपानच्या ताकारा कंपनीची अशी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये या नव्या नावाने बाजारात आणली. ट्रकचा यंत्रमानव होणारा ऑप्टिमस प्राइम त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्या काळी ज्यांनी ती हाताळली ती मुले आज चाळिशी-पन्नाशीची आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक जण ती संग्राह्य वस्तू म्हणून जपतात.

वैद्याच्या नजरेने पाहिले तर हे खेळणे म्हणजे सांध्यांचा संच. खांद्यात बहुधा गोलक आणि खोबणीचा सांधा, आपल्या खांद्यासारखाच. गुडघ्यात बिजागरी. मोठ्या खेळण्यांत दातेरी सांधेही असतात. ते फिरवताना ‘कट्’ असा आवाज येतो आणि बोटांना चांगलाच जोर लावावा लागतो. हा जोर चिमटीतून येतो. अंगठ्याच्या टोकाशी १ किलोचा दाब दिला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. तरुण हाताला त्याची जाणीवही होत नाही. झिजलेल्या सांध्याला मात्र होते.

मी आजोबांच्या अंगठ्याच्या मुळाशी दाबले आणि ते कळवळले. हळूहळू सारे बाहेर आले. तीन महिन्यांपासून शर्टाचे वरचे बटण लागत नव्हते. डब्याचे झाकण सूनबाई उघडून देत. कुलपात किल्ली फिरवताना कळ येई. घरात ते कोणालाच बोलले नव्हते. ज्या हातांनी इंजिने उघडली, ते हात बटणाला हरले हे सांगायचे तरी कसे? त्यात परवा नातू सहज म्हणाला, “राहू द्या आजोबा, तुम्हाला नाही जमणार.” ते वाक्य दुखऱ्या सांध्यापेक्षा खोल गेले होते.

संध्याकाळी त्यांचा मुलगा येऊन भेटला. मोडलेला पाय पाहून तो म्हणाला, “डॉक्टर, यात बाबांचा काही दोष नाही.” मग त्याने मला माझ्या पाठ्यपुस्तकात नसलेला एक विकार सांगितला. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून निघालेल्या काही खेळण्यांतील सोनेरी चकाकीचे प्लॅस्टिक काळाच्या ओघात ठिसूळ होते आणि हलक्या हातानेही तुटते. संग्राहक त्याला ‘गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम’ म्हणतात. मी त्याला एवढेच म्हटले, “हे मला सांगून काय उपयोग? घरी जाऊन वडिलांना सांग.” खेळणे हातामुळे मोडले नव्हते, पण हात दुखत होता, हेही खरेच होते.

तेव्हा असे खेळणे विकत घेताना किंवा माळ्यावरून काढताना काही गोष्टी जरूर पाहाव्यात.

खोक्यावरील वय आणि रूपांतराच्या टप्प्यांची संख्या वाचा. संग्राहकांसाठीचे खेळणे अनेकदा पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असते; ते कपाटातच शोभते. आजोबा आणि नातू यांनी मिळून खेळायचे असेल, तर मोजक्या टप्प्यांचे, जाड भागांचे आणि ठळक रंगांचे खेळणे निवडा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना काळ्यावर काळी खाच दिसत नाही.

शक्य असल्यास दुकानातच एक सांधा फिरवून पाहा. अंगठा दुखला तर ते खेळणे तुमच्यासाठी नाही.

आत बटण-बॅटरी असेल, तर तिचे झाकण स्क्रूने बंद होते ना, हे तपासा. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते. हा धोका केवळ बाळांना नाही. विस्मरण झालेली वृद्ध व्यक्ती तिला गोळी समजू शकते. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

खेळ संपला की सुटे भाग डब्यात गेलेच पाहिजेत. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना पायाखाली आलेला तुकडा मांडीचे हाड मोडायला पुरेसा असतो.

अशा खेळण्याने स्मरणशक्ती वाढते, असा दावा मी करणार नाही. नातवंडासोबत घालवलेली दुपार हा लाभ पुरेसा आहे. मात्र अंगठ्याचे दुखणे ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, कोमट पाण्याचा शेक, तज्ज्ञाने शिकवलेले व्यायाम यांनी बराच आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो.

आणि घरातील तरुणांनो, वडीलधारी माणसे एखादे काम टाळू लागली, तर “तुम्हाला नाही जमणार” म्हणण्याआधी “कुठे दुखते?” एवढे विचारा.

परवा आजोबा पुन्हा आले. अंगठ्याला पट्टा होता. शर्टाचे वरचे बटण लावलेले होते. मी विचारण्याआधीच नातू म्हणाला, “आता आजोबा सांगतात आणि मी फिरवतो.”