झरा कुणाच्या बापाचा?

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच-सहा कार्यकर्ते मंडणगडच्या बाजूच्या एका गावी बौद्धवाडीतल्या बायांबरोबर पाणी भरायला गेलो होतो. वाडीपासून वीसेक मिनिटांची चढण आहे. वर जांभ्याचा सडा आणि त्याच्या पायथ्याशी कपारीतून येणारी बोटाएवढी धार. एक हंडा भरायला बराच वेळ लागतो. नळयोजनेची पाइपलाइन वाडीत आली आहे, तोट्याही बसल्या आहेत, पण मार्चनंतर तोटीतून नुसती हवा येते. मग उरतो तो झराच.

या वेळी झऱ्याभोवती तारेचं कुंपण होतं. जमीन शहरातल्या कुणीतरी विकत घेतली आहे. फाटकावरचा माणूस उद्धट नव्हता. "ताई, पाणी न्या की, मालकांची काही हरकत नाही. फक्त सकाळी सात ते आठ यायचं आणि या वहीत सही करायची, मालकांच्या परवानगीने पाणी नेतो म्हणून." बायका सही करायला पुढे झाल्या. आम्ही त्यांना थांबवलं. का थांबवलं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आमचेच काही मित्र म्हणाले, "पाणी मिळतंय ना? मग एका सहीने काय बिघडतं? तुम्हाला सगळीकडे जातच दिसते." मित्रांनो, बिघडतं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 नुसार एखाद्या वहिवाटीचा हक्क सिद्ध करायचा तर ती वहिवाट वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून झालेली असावी लागते. परवानगीने केलेली वहिवाट हक्कात मोजली जात नाही. म्हणजे ज्या झऱ्यावर आमच्या आज्या-पणज्यांनी हंडे भरले, तो हक्क आम्ही आमच्याच अंगठ्याने मेहेरबानीत बदलून द्यायचा! आज सात ते आठ, उद्या आठवड्यातून दोनदा, परवा मालकांचे पाहुणे आलेत म्हणून बंद. मेहेरबानी देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. हक्क असा काढून घेता येत नाही.

आता जातीचं बोलू. कुंपणवाल्याने विटाळ हा शब्द उच्चारला नाही, हे खरं. पण गावातल्या बाकीच्या वाड्यांतल्या बहुतेकांच्या परड्यात विहीर आहे, बोअर आहे. झऱ्यावर मेमध्ये कोण जातं? ज्यांच्याकडे विहीर खणायला जमीन नाही, ते. आणि जमीन कुणाकडे नाही, का नाही, हे आम्ही नव्याने सांगायला नको. कुंपण सगळ्यांना सारखंच घातलंय, पण त्यात घसा कोरडा पडतो तो एकाच वाडीचा.

आणि 'खासगी मालमत्ता' हा युक्तिवाद तरी नवा कुठे आहे? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, हे आपल्याला पाठ आहे. पुढचं किती जणांना माहीत आहे? डिसेंबर 1927 मध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सनातनी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. तिथे ती फक्त धर्माचं बोलली नाहीत. तळं स्पृश्यांच्या खासगी मालकीचं आहे, असाही त्यांचा दावा होता. त्यावर त्यांना तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. हा खटला उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी संपला आणि बाबासाहेब जिंकले. तळ्यावरचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, कागदावरची दहा वर्षांची लढाई मात्र विसरतो.

कायदा आपल्या बाजूने काहीच नाही, असं नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये नदी, विहीर, तळं यांच्याबरोबर झऱ्याचाही उल्लेख आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर झऱ्याचा वापर अडवणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. पण मालक म्हणेल, मी जात पाहून अडवलं नाही, सगळ्यांनाच अडवलं. म्हणून फौजदारी कलमांवर विसंबून चालणार नाही. वहिवाट नोंदवावी लागेल.

त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 165 आहे, वाजिब-उल-अर्ज. खासगी जमिनीतले आणि पाण्यातले गावाचे रूढीचे हक्क, रस्त्याचे हक्क आणि इतर वहिवाटी जिल्हाधिकाऱ्याने त्यात नोंदवायच्या असतात. नवी नोंद घालण्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या गावच्या तलाठ्याकडे हे कागद मागून पाहा. ग्रामसभेत ठराव मांडा. म्हाताऱ्या बायांचे जबाब लिहून घ्या, झऱ्याचे आणि पायवाटेचे तारखेसह फोटो काढा. आणि अडवणूक झाली असेल तर स्वस्थ बसू नका. कलम 15 प्रमाणे वीस वर्षांची वहिवाट दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागते. दोन वर्षं गप्प बसलात, तर पणजीपासूनची वहिवाटही उपयोगी पडणार नाही.

एवढ्यावरही भागत नाही. झरा कपारीतून निघत असला तरी त्याचं पाणी वरच्या सड्यावर मुरतं. सड्यावर चिरेखाण सुरू झाली तर खाली कुंपण नसलं तरी झरा आटेल. म्हणून नुसता झरा मागून उपयोग नाही, सड्याबद्दलही बोलावं लागेल.

त्या दिवशी बायकांनी सही केली नाही. दीड तास वाद झाला, शेवटी फाटक उघडलं आणि हंडे भरून आम्ही खाली आलो. पण हा विजय नव्हे. वही अजून तिथेच आहे, आणि रोज दीड तास भांडायला कुणाला वेळ आहे? मजुरी बुडते. एक दिवस कुणीतरी दमून सही करेल आणि त्यात तिचा दोष नसेल. दोष आपला असेल. महाडला जाणाऱ्या गाड्या भरणारे, डीजेची वर्गणी काढणारे आपण तिच्यासाठी एक अर्ज लिहू शकलो नाही, म्हणून.

बाबासाहेब महाडला केवळ तहान भागवायला गेले नव्हते, समतेचा हक्क बजावायला गेले होते. येत्या 20 मार्चला महाडला जरूर जा. पण त्याआधी आपल्या गावच्या झऱ्याचा अर्ज तहसीलमध्ये देऊन त्याची पोच खिशात ठेवा.

जय भीम!