राजाबाई टॉवरची रोषणाई आणि मागचा हिशेब

व्यापाराच्या निमित्ताने मुंबईला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी मुंबई पाहिलेली असते असे सर्वजण धरून चालतात. प्रत्यक्षात त्यांनी मुळजी जेठा मार्केट पाहिलेले असते, मंगलदास मार्केट पाहिलेले असते, झवेरी बाजारातील दोन-चार पेढ्या पाहिलेल्या असतात. दिवस मालाच्या निवडीत जातो आणि संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडण्याची घाई असते. ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ती गाडी सुटते, त्या इमारतीला युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण आपण तिच्या घुमटाखालून सामान सांभाळत धावत जातो. मान वर करून पाहण्यास सवड कोणाला?

ही सवड काढावी म्हणून हा लेख लिहीत आहे, आणि त्यामागे दुसरेही एक कारण आहे. दक्षिण मुंबईच्या सायंकालीन दर्शनात आपल्या समाजाशी निगडित अशी एक कथा हमखास सांगितली जाते. ती कथा गोड आहे, परंतु अर्धी आहे. उरलेली अर्धी कापसाची, कर्जाची आणि बुडालेल्या एका बँकेची आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि बेस्ट यांच्या सहकार्याने २६ जानेवारी १९९७ पासून वरून उघडी असलेली दुमजली बस मुंबईत फिरू लागली. पुढे ‘निलांबरी’ या नावाने ती सर्वांच्या ओळखीची झाली. शनिवार-रविवारी गेटवे ऑफ इंडियाजवळून सायंकाळी ती निघे, सोबत मार्गदर्शक असे आणि तासाभरात फोर्ट विभागातील प्रमुख इमारती रोषणाईत दाखवून परत आणून सोडी. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही गोसीखुर्द, पवनी आणि भंडारा येथील नऊ जण एका विवाहासाठी मुंबईस गेलो असता सात वाजताच्या फेरीत बसलो होतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे मंडळींचा चौविहार साडेपाचलाच आटोपला होता, आणि ‘आता रात्री भुकेचे काय’ हा प्रश्नच उरला नव्हता. खाऊच्या गाड्यांजवळ रेंगाळावे लागत नाही, हा आपल्या आचाराचा प्रवासातील एक फायदाच म्हणायचा. जागा मात्र वरच्या मजल्यावरची घ्यावी. खालून इमारतींचे फक्त दरवाजे दिसतात. वरून कमानी, गवाक्षे आणि कोरलेली दगडी तोंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात. मधूनच एखादी फांदी आली की मार्गदर्शक सर्वांना खाली वाकायला सांगे आणि लहान मुले तेवढ्यासाठी पुढच्या झाडाची वाट पाहत.

गेटवे झाले, वस्तुसंग्रहालय झाले. हॉर्निमन सर्कलच्या समोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल आपल्या रुंद पायऱ्यांसह शांतपणे उभा होता. महानगरपालिकेची इमारत आणि तिच्या समोरचे टर्मिनस ही दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाची निर्मिती, हे ऐकून मंडळी थोडी थबकली. या इमारतींविषयी माहिती सर्वत्र मिळते, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवरपाशी बस सिग्नलला थांबली. २८० फूट उंचीचा हा मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. दिव्यांच्या प्रकाशात तो दगड मधासारखा दिसत होता. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा, आणि गंमत अशी की तो मुंबईत कधी आलाच नाही. बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाले. वरच्या भागात पश्चिम हिंदुस्थानातील जाती-जमातींच्या २४ मूर्ती आहेत. एके काळी या घड्याळातून १६ प्रकारच्या सुरावटी वाजत.

आणि मग ती कथा. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावे हा मनोरा बांधण्यास पैसा दिला. राजाबाई दृष्टिहीन होत्या, जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन करीत. दिवस मावळत आल्याचे कोणाला न विचारता कळावे म्हणून मुलाने घड्याळाचे टोले घुमवले. सिग्नल सुटला, बस पुढे गेली. आमच्यातील एका काकूंनी वळून मनोऱ्याला हात जोडले.

ती कथा तेथे नाकारण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही आयुष्यभर आकडे पडताळण्याची सवय लागलेल्या माणसाच्या मनात ती तशीच राहत नाही. मुंबईत सूर्यास्ताची वेळ आजच्या घड्याळाने नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या पुढे असते. त्या काळची मुंबईची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे हिवाळ्यात सहाचे टोले पडेपर्यंत दिवस मावळून अर्धा तास उलटून गेलेला असे, तर पावसाळ्यात त्याच टोल्यांनंतरही पाऊण तासाच्या आसपास उजेड उरे. टोले घड्याळाची वेळ सांगतात, सूर्याची नव्हे. सूर्याची वेळ पंचांग सांगते, आणि ते वाचणारे माणूस घरात लागते. शिवाय प्रेमचंदांचा ‘प्रेमोद्यान’ बंगला भायखळ्याला, मनोऱ्यापासून चांगलाच दूर. तेव्हा ही कथा मातृभक्तीची आठवण म्हणून सांगावी, इतिहास म्हणून सांगू नये. आईच्या स्मरणार्थ मुलाने दान दिले आणि मनोऱ्याला तिचे नाव द्यावे अशी अट घातली, एवढे पक्के आहे; आणि तेवढे पुरेसे सुंदर आहे.

आता उरलेली अर्धी. प्रेमचंद रायचंद १८३१ मध्ये सुरतेच्या ओसवाल कुटुंबात जन्मले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे मुंबईतील पहिले देशी दलाल म्हणून त्यांचा लौकिक होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलचे लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. येथे आपला विदर्भ या कथेत येतो. वऱ्हाडचा कापूस आणि विशेषतः हिंगणघाटचा कापूस त्या बाजारात नावाजलेला होता. रेल्वे नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये. त्यापूर्वी कापूस बैलगाड्यांवर लादून पश्चिमेकडे जात असे. त्या गाड्यांच्या वाटेवर आडत करणाऱ्या, हुंड्या वटवणाऱ्या पेढ्यांपैकी काही आपल्याच लोकांच्या होत्या. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था, समुद्रात भर घालून जमीन करण्याच्या कंपन्या अशा किती तरी निघाल्या, आणि त्यांचे शेअर छापील किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. बॅकबे रेक्लमेशन कंपनी त्यातली सर्वांत गाजलेली. या सगळ्या व्यवहारांच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते.

१८६४ मध्ये, म्हणजे तेजी अगदी शिगेला असताना, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि काही आठवड्यांतच घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईत वायदे पुरे करण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी ते पुरे करणे जवळजवळ कोणालाच शक्य झाले नाही. मोठमोठ्या पेढ्या दिवाळ्यात निघाल्या. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला या कथेत खरी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा सहभाग असलेली, प्रतिष्ठित बँक. पूर्वी तिच्यावर तारणाविषयी कडक बंधने होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली आणि शेअरच्या तारणावर कर्जे देण्याची वाट मोकळी झाली. ज्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी कर्ज, त्याच कंपन्यांचे शेअर तारण. भाव चढता असेपर्यंत असे तारण कागदावर भरभक्कम दिसते. भाव उतरला की कर्ज आणि तारण दोन्ही एकदमच बुडतात. बँकेवर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता, आणि त्यांना व त्यांच्या शिफारशीने इतरांना दिलेली कर्जे वसूल झाली नाहीत. भांडवलाचा फार मोठा भाग गेला, १८६८ मध्ये बँक बंद करावी लागली आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, १९२१ मध्ये ती इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. आम्ही बँकवाले १ जुलै हा दिवस आनंदाने साजरा करतो. नव्वद वर्षांपूर्वी त्याच तारखेला मुंबईत काय झाले होते, याचा उल्लेख त्या समारंभात माझ्या कानी कधी आला नाही.

मग या दानाकडे कसे पाहावे? आमच्या घरी यावर बराच वाद झाला. घरच्या मंडळींचे म्हणणे असे की दान दिले त्या दिवशी पैसा त्यांचा होता आणि हेतू निर्मळ होता. पुढचे कोणाला दिसले होते? माझे मन तेवढ्यावर थांबत नाही. तेजीतल्या संपत्तीत कष्टाचे किती आणि उसन्या पैशाचे किती, हे तेजी सुरू असताना मालकालाही सांगता येत नाही. हिंगणघाटकडे कापूस पिकवणाऱ्याने चढ्या भावावर भरवसा ठेवून काढलेले कर्ज, बँकेच्या भागधारकाने आयुष्यभराची पुंजी म्हणून घेतलेला भाग, हे सारे त्या दगडात कुठे ना कुठे मिसळलेले आहे. मात्र त्याच वेळी दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मंदीने घेरलेले असतानाही, १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रेमचंदांच्या देणगीतून शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि प्रेमचंद रायचंद स्कॉलर म्हणवून घेणे हा पुढे बंगालमध्ये विद्वत्तेचा मोठा मान ठरला. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांची जी संघटना स्थापन झाली, जिला आज आपण बीएसई म्हणतो, तिच्या संस्थापकांतही ते होते. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. दिवाळ्यानंतर चाळीस वर्षे हा माणूस त्याच बाजारात, त्याच लोकांसमोर वावरला. मला मनोऱ्यापेक्षा ही चाळीस वर्षे अधिक उंच वाटतात. घरातील मतभेद मात्र अजून मिटलेला नाही.

मार्गदर्शकाला हे सारे सिग्नलच्या एका मिनिटात सांगता येणार नाही, हे उघड आहे. आमच्या येथेच पाहा ना. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाची ३३ दारे उघडली की नागपूरपासून माणसे गाड्या करून येतात, फेसाळते पाणी पाहतात, छायाचित्रे काढतात आणि अंधार पडता पडता परततात. त्यांना कोणी सांगत नाही की २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले तेव्हा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता आणि पुढे तो १८ हजार कोटींच्याही वर गेला. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या दुकानांची उधारी कोणत्या वहीत राहिली, हे तर आमच्यातील व्यापाऱ्यांनाच ठाऊक. पाहुण्यांनी पाणी पाहून आनंदी व्हावे यात वावगे काही नाही; पण सोबत येथला एखादा माणूस असला तर त्याने दोन आकडे सांगावेत.

निलांबरीच्या त्या जुन्या, उघड्या बसगाड्या पंधरा वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाल्या. बस नसली तरी हा परिसर पायी पाहण्यास उत्तम आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून हॉर्निमन सर्कलपासून निघावे, जुन्या बँकांच्या आणि दलालांच्या गल्लीतून फिरत हुतात्मा चौकात यावे आणि ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर डोळे भरून पाहावा. मैदानाच्या एका बाजूस व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूस आर्ट डेको अशा इमारतींच्या या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले आहे. सोबत मुले असतील तर त्यांना आधी आंधळ्या आईची कथा सांगावी, मग पंचांग दाखवून सूर्यास्ताचे गणित करायला लावावे. मुलांना दोन्ही आवडतात, हा माझा नातवंडांवरचा अनुभव.

एक विनंती. हिंगणघाट, वर्धा, अमरावती, कारंजा, नागपूर या भागांतील ज्या घरांत १८६० ते १८७० या काळातील रोजमेळ किंवा खतावण्या जपून ठेवलेल्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता त्यांतील कापसाच्या आणि मुंबईच्या हुंड्यांच्या नोंदी उतरवून संपादकांकडे पाठवाव्यात. मोडी वाचणारे दोन गृहस्थ आमच्या भागात अजून आहेत आणि बसून वाचण्याची त्यांची तयारी आहे.