जुना कॅमेरा घ्या, पण पाठ तपासून!

१९६९ च्या जुलैमध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परत निघाले, तेव्हा यानाचे वजन कमी करायचे म्हणून चंद्राच्या जमिनीवर वापरलेला हॅसलब्लाड कॅमेरा त्यांनी तिथेच सोडला. बरोबर आणले ते फक्त त्याचे फिल्मचे मॅगझिन. कॅमेरा पुन्हा विकत घेता आला असता. आतली छायाचित्रे मात्र कुठल्याही दुकानात मिळाली नसती!

हे मॅगझिन म्हणजेच ‘फिल्म बॅक’, कॅमेऱ्याची पाठ म्हणा ना. १२० नंबरचा रुंद रोल घेणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांना मागच्या बाजूला ही डबी लागते. एका डबीत रंगीत रोल, दुसरीत कृष्णधवल. रोल अर्धा असतानाही डबी बदलता येते. एके काळी मोठ्या शहरांतल्या स्टुडिओवाल्यांकडे आणि चांगल्या लग्न-फोटोग्राफरांकडे असे कॅमेरे असत. डिजिटल आले आणि ते कपाटात गेले. आता कॉलेजातली मुले-मुली तेच कॅमेरे शोधत मुंबईच्या बोरा बाजारात, दिल्लीच्या चांदणी चौकात, कोलकात्याच्या मेट्रो गल्लीत फिरताना दिसतात. हौस चांगलीच आहे. पण बहुतेक जण लेन्स उजेडाला धरून धरून पाहतात आणि पाठीकडे बघतसुद्धा नाहीत.

इथेच फसगत होते. लेन्समधली बुरशी डोळ्यांना दिसते, शटरचा बिघाड कानाला कळतो. बॅकमधून उजेड शिरत असेल तर तो कळतो रोल धुऊन आल्यावर, म्हणजे बारा चित्रे हातची गेल्यावर. घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजीला नऊवारी नेसवून, खुर्चीत बसवून काढलेला फोटो पुन्हा काढू म्हटले तरी तसा निघत नाही.

हॅसलब्लाडचेच उदाहरण घेऊ, कारण बाजारात विचारणा त्याचीच जास्त. त्याच्या बॅकमध्ये बाजूने एक पातळ पत्रा सरकतो, त्याला डार्क स्लाइड म्हणतात. पत्रा आत असला की फिल्म झाकलेली राहते आणि बॅक काढता येते. फोटो काढताना तो बाहेर काढावा लागतो, नाहीतर बटण दबतच नाही. पत्रा काढल्यावर त्या फटीतून उजेड जाऊ नये म्हणून आत फोमची आणि पातळ पटलाची बारीक पट्टी असते. वर्षानुवर्षे पत्रा आत-बाहेर करून आणि आपल्याकडच्या दमट हवेने ती पट्टी चुरा होऊन जाते. दुकानात पत्रा स्वतःच्या हाताने सरकवून पाहा. थोडा, सारखा अडसर जाणवला पाहिजे. पत्रा सुळकन आत जात असेल, किंवा बाहेर काढल्यावर त्यावर काळी भुकटी दिसली, तर पट्टी संपली असे समजा. पत्रा वाकलेला नको, कडेला चीर नको.

पट्टी गेली म्हणून बॅक टाकाऊ होत नाही बरं का! काही बारीक स्क्रू काढून नवी पट्टी बसवता येते. जाणकार कारागिराला ते जड नाही. फक्त तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. विकणारा ‘एकदम ओके’ म्हणतो तो वरचे चामडे पाहून.

दुसरी खूण नंबरांची. आतला, फिल्म गुंडाळायचा भाग बाहेर ओढा. त्यावरचे तीन आकडे बाहेरच्या डबीच्या नंबरातल्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळायला हवेत. दुरुस्तीच्या टेबलावर दोन बॅकांचे आतले भाग अदलाबदल होतात आणि मग दोन चित्रांमधली जागा कमी-जास्त पडू शकते. नंबर न जुळणारी बॅक चालतच नाही असे नाही, पण जुळणाऱ्या बॅकचे पैसे तिला मोजू नयेत. नंबराआधी दोन इंग्रजी अक्षरे असतील तर सालही कळते. ‘व्हीएच पिक्चर्स’ या शब्दांतली दहा अक्षरे म्हणजे ओळीने १ ते ९ आणि शेवटी शून्य. ‘आर’ आणि ‘आय’ असेल तर १९८४.

आता सगळ्यात स्वस्त मिळणारा सापळा. ए-१२ ही बॅक १२० च्या रोलवर बारा चौकोनी चित्रे देते, ए-१६ त्याच रोलवर सोळा छोटी. ए-२४ दिसायला अगदी सारखी, पण ती २२० च्या लांब रोलसाठी. तो रोल आता सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच ती स्वस्त! पहिल्यांदा घेणाऱ्याने ए-१२ घ्यावी आणि दोन स्वस्त बॅकांपेक्षा एक चांगली घ्यावी, असे आमचे मत.

मामियाच्या आरबी-६७ ची बॅक १२० वर दहा चित्रे देते. तिच्यात मुख्य शत्रू जुना फोम. तो विरघळून डांबरासारखा चिकट होतो. झाकण उघडून कडांवरून बोट फिरवा, लगेच समजेल.

दुकानदाराकडे वाया गेलेला एखादा रोल असतोच. तो भरायला सांगा, बॅक त्याच्याच कॅमेऱ्याला लावा आणि आकडा एकापासून बारापर्यंत अडखळत नाही ना, ते बघा. लावताना कॅमेऱ्यावरची आणि बॅकवरची छोटी खिडकी एकाच रंगाची हवी. दोन्ही पांढऱ्या किंवा दोन्ही लाल. नाही जुळल्या तर एखादे चित्र फुकट जाऊ शकते.

जमल्यास सौदा असा करा: थोडी रक्कम आगाऊ, बाकी रोल धुऊन आल्यावर. सहा चित्रे पटापट काढा. उरलेल्या सहांत पत्रा बाहेर ठेवून कॅमेरा प्रत्येक वेळी पाचेक मिनिटे उन्हात धरा, वेगवेगळ्या बाजूंनी. निगेटिव्ह आली की छापायची घाई नको, आधी ती पट्टीच उजेडाला धरा. नंतरच्या सहा चित्रांत एका कडेने काळपट पट्टा आलेला दिसला (छापल्यावर तोच पांढुरका दिसतो), तर दोष फटीच्या पट्टीचा. चित्रे एकमेकांवर चढली असतील, तर दातेरी चाकांचा. पहिल्या दोषाला भाव पाडून मागा. दुसऱ्याला बॅक परत करून आगाऊ रक्कम मागून घ्या.