परवाना सीमेपाशी अडतो

अमेरिकेतील एखाद्या राज्याने रोग्यास औषध म्हणून गांजा बाळगण्याची मुभा दिली, तर ती शेजारच्या राज्यात चालते काय? त्या राज्याचा कायदा मानील तरच चालते, एरवी नाही. नेवाडा, मेन यांसारखी राज्ये परराज्यातील रोग्याचे ओळखपत्र मानीत आली आहेत. परंतु तो त्यांचा पाहुणचार झाला, रोग्याचा हक्क नव्हे.

मोटार हाकण्याचा परवाना देशभर चालतो, कारण राज्यांनी तो परस्परांत मान्य केला आहे. येथे तसा करार नाही. उलट मध्यवर्ती कायदाच आडवा येतो. १९७० च्या कायद्याने गांजास औषधी उपयोग नसलेल्या द्रव्यांच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी रोग्यांस प्रथम मुभा दिली, तेव्हाही डॉक्टरांस औषधचिठ्ठी देता आली नाही. केवळ शिफारस करता आली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले, की रोग्याने स्वतःपुरत्या लावलेल्या झाडासही मध्यवर्ती कायदा लागू आहे. मुभा असलेल्या एका राज्यातून तशाच दुसऱ्या राज्यात गांजा नेणे हाही त्या कायद्याने गुन्हाच.

याची झळ कोणास लागते? २०१३ नंतर अपस्माराने पीडित मुलांची कित्येक कुटुंबे घरदार सोडून कोलोरॅडोत राहावयास गेली. तेथे मिळणारे तेल त्यांस आपल्या गावी नेता येत नव्हते. कॅन्सस सिटीत तर राज्यांची सीमा एका रस्त्यावरून जाते. २०१८ मध्ये मिसूरीच्या बाजूस मुभा मिळाली. रस्त्यापलीकडे, कॅन्ससमध्ये, ती नव्हती. एकाच वस्तीतून सीमारेषा गेली म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

राज्यांस आपापले कायदे करण्याचा अधिकार आम्ही मानतो. गांजाच्या दुरुपयोगाची भीतीही खोटी नाही. परंतु ज्यास डॉक्टराने तपासले व ज्याचे नाव सरकारी दप्तरी नोंदले, तो रोगी रस्ता ओलांडताच गुन्हेगार ठरावा, हा न्याय नव्हे. स्वतःपुरते औषध जवळ बाळगणाऱ्या रोग्यास सर्व राज्यांत संरक्षण देणे हे मध्यवर्ती विधिमंडळाचे कर्तव्य आहे. ते त्याने टाळले, म्हणून हा भार रोग्याच्या माथी आला.

ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत, त्यांनी त्यांस एवढे अवश्य कळवावे: राज्याने मुभा दिली असली, तरी गांजाविषयीच्या मध्यवर्ती कायद्याचा भंग नागरिकत्वाच्या अर्जाआड येऊ शकतो, असे तेथील सरकारने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. केवळ ओळखपत्राच्या भरवशावर कोणी सीमा ओलांडू नये.