टेकडीला पेव्हर ब्लॉक कशाला?

परवा वेताळ टेकडीवर गेलो, तर उतारावरची सरळसोट पायवाट चक्क ओढा झालेली! पाणी तिथूनच धावणार, माती नेणार, मग लोक शेजारून नवी वाट पाडणार. यावर आपला उपाय काय, तर पेव्हर ब्लॉक! अहो, बग डिझाइनमध्ये आहे, वरून रंगरंगोटी कसली करताय? वाट उताराला आडवी न्या. डोंगराचा उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० च्या आत ठेवा. बाहेरची कड जराशी खाली घ्या, म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातं. चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळे मावतात. फक्त वळणावर समोरचा दिसायला हवा. काम कुदळ-फावड्याचं. पण कुदळीचं टेंडर कोण काढणार? असो. शॉर्टकट मात्र आपणच मारतो राव, मीसुद्धा.