पथकाचा प्रमुख कोण?

श्रावण लागला की करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही सायंकाळी ढोल-ताशांचा सराव कानी पडू लागतो आणि मंडळांच्या बैठकांतून एक प्रश्न निघतो : ताशांचा प्रमुख कोण, ढोलांच्या रांगेचा कोण? उत्तर बहुधा वादनाबाहेर शोधले जाते. कोणाची वर्गणी मोठी, कोणाचे वडील पुढारी, कोण सर्वांत जुना. ताशा उत्तम सांभाळणारी मुलगी तर विचारातही घेतली जात नाही. पथके फुटतात ती येथे. आणि फुटलेल्या पथकाची जागा ध्वनिवर्धकांच्या भिंती घेतात.

प्रमुख कशासाठी हवा, हे आधी पाहिले पाहिजे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत पथक ३४ मीटर पसरले, तर पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. द्रुत लयीत वादन विस्कटण्यास एवढे पुरे. मागच्या रांगेला म्हणूनच डोळ्यांना दिसणारा हात लागतो. संघाच्या घोषात आनक, पणव, वंशी, शंख यांच्यापुढे घोषदंड चालतो, तो केवळ शोभेसाठी नव्हे.

सर्वांत जोरात वाजवणारा या कामास योग्य असेलच असे नाही. गुलाल उधळला, गर्दी चेकाळली की लय आपोआप चढते. ज्याच्या हातात ती चढत नाही, तो खरा प्रमुख. सरावात प्रत्येक इच्छुकाला संथ लयीत दहा मिनिटे रांग चालवावयास द्यावी. नवख्याचा हात चुकला असता तो काय करतो, हेही पाहावे. (ओरडणाऱ्याला ढोल जरूर द्यावा, रांग देऊ नये.)

नमुना आपल्या दारावरून जातो. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाते ती करमाळ्यावरूनच. वारकऱ्यांच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत; पाळी संपली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तेथे सावकार आणि शेतमजूर असा भेद उरत नाही. आपल्या पथकांतही प्रमुखपद दोन वर्षांनी फिरावे आणि पायउतार झालेल्याने त्याच रांगेत ढोल बांधून उभे राहावे, ही प्रथा पाडण्यास काय हरकत आहे? निवड मात्र चतुर्थीच्या आदल्या रात्री नको, निदान पंधरा दिवस आधी व्हावी. नव्या हाताची रांगेला ओळख होण्यास तेवढा अवधी लागतोच.