जकातीचा हिशेब आणि माझं क्रेडिट कार्ड

गेल्या वर्षीच्या रमजानमध्ये, शेवटच्या दहा दिवसांतल्या एका रात्री, लेक झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून जकातीचा हिशेब करायला बसले. एक्सेल शीट होतीच. तोवरची बरीच वर्षं मी जकात अंदाजाने देत आले होते. पाच हजार इकडे, दोन हजार तिकडे, कुणी हात पसरला की गूगल पे. त्या वर्षी म्हटलं, इंजिनिअर आहोत, निदान हिशेब तरी नीट करू.

बचत खात्यात ६४,३०० रुपये होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी ३८,९००. उरले २५,४००. पीएफ हातात येत नाही तोवर धरायचा नाही, असं आमच्या मौलानांनी सांगितलेलं. दागिन्यांचा प्रश्न होता. पण आम्ही कोकणी, शाफई. वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही असं आमच्याकडे मानतात. माझं सासर हनफी, ते दागिने धरतात. तो वाद घरात अजून सुटलेला नाही, इथे काढत नाही. रोख रकमेपुरतं बोलायचं तर ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी शिल्लक असली की निसाब पूर्ण होतो. मी त्याच्या जवळपासही नव्हते.

म्हणजे काय, तर बारा वर्षं आयटीत नोकरी करणाऱ्या, पुण्यात फ्लॅट असलेल्या बाईवर जकात फर्ज नव्हती.

सुरुवातीला मला हसू आलं. मग अम्मी आठवली. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. अम्मी चिपळूणला घरी शिवणकाम करायची. पिको, फॉल, ब्लाऊजचं अस्तर, शाळेचे गणवेश. कपाटात साड्यांखाली एक पत्र्याचा डबा असायचा आणि दरवर्षी शाबान संपता संपता ती तो पलंगावर उलटा करायची. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी. माझ्या आठवणीत एकही वर्ष असं नाही की तिने जकात काढली नाही. कधी ती रक्कम इतकी लहान असायची की आज आपण तेवढ्यात दोन कॉफ्याही पीत नाही. पण ती निसाबाच्या वर होती आणि मी खाली.

मी तीन महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड केलं आणि ओळीओळीने वाचलं. तुम्ही कधी केलं नसेल तर एकदा करून बघा. बाहेरून मागवलेलं जेवण, ४२ वेळा. लेकीचे कपडे, जे तिला तीन महिन्यांत आखूड झाले. ऑफिसात कुणाचा तरी निरोप समारंभ, कुणाचं तरी बाळ. आणि या सगळ्यात एक मोठा गठ्ठा असा, ज्याबद्दल मला कधी अपराधी वाटलंच नव्हतं, कारण तो ‘दीना’चा होता. अबाया. माझ्याकडे अकरा अबाया निघाले. त्यांतले चार कपाटातून बाहेरच आलेले नव्हते. लेकीसाठी मऊ गादीचा छोटा मुसल्ला, रमजानचं खिडक्या-खिडक्यांचं कॅलेंडर, ‘रमजान मुबारक’ची विजेची माळ, चंद्राच्या आकाराचे ट्रे, ईदला मायलेकींचे एकसारखे सूट.

बाजाराने आपल्याला बरोबर ओळखलंय. वीसएक वर्षांपूर्वी आपल्या घरात मुसल्ला फाटेपर्यंत चालायचा. खजूर वर्तमानपत्राच्या पुडीत यायचा. आता इन्स्टावर एखादी हसरी बहीण सांगते की मुलांच्या मनात रमजानची ओढ लावायची असेल तर घर असं सजवा. खाली लिंक असते. मी ती लिंक उघडते आणि मला वाटतं, मी चांगली आई आहे. कोंढव्यात कौसर बागेच्या बाजूला रमजानच्या रात्री फिरून बघा, कुठला महिना चाललाय ते दुकानांवरून कळतं, पण तो महिना पोट आवरायचा आहे हे कळत नाही. ज्या महिन्यात वाणसामान कमी लागायला हवं, त्याच महिन्यात आपलं बिल सर्वांत जास्त येतं. हे माझ्याच घरचं सांगतेय, कुणाकडे बोट दाखवत नाही.

आणि ती कार्डाची थकबाकी. बहुतेक कार्डांवर उरलेल्या रकमेला महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं. जकात असते वर्षाला अडीच टक्के. म्हणजे वर्षातून एकदा अडीच टक्के गरिबाला द्यायला माझ्याकडे नव्हते, आणि दर महिन्याला साडेतीन टक्के मी बँकेला देत होते. फिक्स्ड डिपॉझिटचं व्याज नको म्हणून बँकेत फॉर्म भरून आलेली मी. घेताना सूद हराम, देताना लक्षातच नाही.

तेव्हापासून आम्ही खर्च कमी करायला सुरुवात केली. तेव्हा जे कळलं ते मला कुठल्याच बयानात ऐकायला मिळालं नव्हतं. बाहेरून मागवणं बंद केलं, तर मग स्वयंपाक कोण करणार? ती ४२ जेवणं काही चैन म्हणून आलेली नव्हती. रात्री साडेआठला मीटिंग संपते, लेकीचा अभ्यास उरलेला असतो, कणीक मळलेली नसते, तेव्हा आलेली होती. साधेपणाने राहा म्हणणं सोपं आहे. वाटण घरी वाटायचं, जुने कपडे उसवून लहान करायचे, डबा घरचा न्यायचा, वाढदिवसाचा केक घरी करायचा. पैसे वाचतात, पण तास जातात, आणि ते तास घरात कुणाचे जातात हे सांगायला नको. पहिले दोन महिने आमच्या घरात साधेपणा आला आणि माझी झोप गेली. मग एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या वाटणीचा साधेपणा कुठाय?

त्याने वाद घातला नाही, हे त्याचं चांगलं. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरकामाला हात लावत, आपली चप्पल स्वतः सांधत, हे हजरत आयेशांकडून आलेलं कथन तो लहानपणापासून ऐकत आलेला आहे. पण त्याचा संबंध आपल्या ओट्याशी असू शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आठवड्याचं वाटण आणि रात्रीची पोळी त्याच्याकडे आहे. पोळ्या भूगोलाच्या नकाशासारख्या होतात. लेक ओळखते, हा गुजरात, हा श्रीलंका.

तरुण मुलांना म्हणून मुद्दाम सांगते. तुमची होणारी बायको साधी असावी, खर्चिक नसावी, असं तुम्ही बायोडेटात लिहिता. लिहा. पण आधी कांदा चिरायला शिका. आणि तुमच्या बाइकचा हप्ता, दीड लाखाचा फोन, रात्री बाराला मित्रांबरोबरचा तंदूर, हेही त्या साधेपणाच्या हिशेबात धरा. ‘इसराफ’वर बोलताना आपल्याकडे बायकांच्या बांगड्या लगेच दिसतात. शिवाय बाईची कमाई शरियतप्रमाणे तिची स्वतःची आहे. तिने ती कशी खर्च करावी हे सांगण्यासाठी साधेपणाचा उपदेश वापरला जातो तेव्हा तो उपदेश नसतो, पहारा असतो.

आणखी एक. ज्याच्याकडे मुळात नाही त्याला साधेपणा शिकवायला जाऊ नये. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या भाभीने मुलाच्या ईदसाठी चमकणारे बूट घेतले, तर ती उधळपट्टी नाही. वर्षभर तिने जे मन मारलं, त्यातून ते बूट आलेत. हा लेख तिच्यासाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी आहे. सूरह अल-फुरकानच्या ६७व्या आयतीत सांगितलंय की रहमानचे बंदे खर्च करताना उधळतही नाहीत आणि हातही आखडत नाहीत, मधल्या वाटेने जातात. आपण त्यातला पहिला भाग दुसऱ्याला ऐकवतो आणि दुसरा विसरतो.

माझी खरी परीक्षा यंदाच्या रमजानमध्ये झाली. लेक आठ वर्षांची. तिने पहिला रोजा ठेवायचं ठरवलं. हट्ट तिचाच होता. आमच्या सासरी रोजाकुशाई म्हणजे छोटं लग्नच असतं. नणंदेच्या मुलाच्या वेळी हॉल होता, दीडशे माणसं, फुलांची खुर्ची, फ्लेक्स, व्हिडिओवाला. सासूबाईंनी हॉलची चौकशी करून ठेवली होती. नाही नाही म्हणता खर्च साठ-सत्तर हजारांवर जाणार होता.

मी नको म्हटलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी इफ्तारची भजी तळताना म्हणाल्या, “माझ्या चार पोरांचे पहिले रोजे चहा-खजुरावर सुटले. तेव्हा पैसाच नव्हता. आता आहे, तर तू म्हणतेस साधं करू.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. मी ज्याला साधेपणा म्हणत होते, ती त्यांनी आयुष्यभर जगलेली तंगी होती, आणि ती माझ्यासारखी त्यांनी निवडलेली नव्हती. मग मध्यम मार्ग निघाला. हॉल नाही, फ्लेक्स नाही. पण नवा ड्रेस, मोगऱ्याचा हार, आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं. त्यांत रोजा नसलेली जास्त होती आणि मगरिबच्या अजानची वाट सर्वांत अधीरतेने तीच बघत होती. सासूबाईंनी स्वतः शीरखुर्मा केला. ईदच्या आधीच केला म्हणून मी काही बोलले नाही. खर्च झाला नऊ हजार.

उरलेल्यातून आम्ही नात्यातल्या दोन मुलींची शाळेची फी भरली. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. रक्कम फार मोठी नव्हती, पण वह्या-पुस्तकांचा तो आधार होता. आपण एक हॉल रद्द करून सरकारची जबाबदारी संपत नाही, ती मागणी करत राहायलाच हवी. तोवर मुलगी मात्र सातवीतच असते, तिची फी जूनमध्येच भरावी लागते.

या सगळ्यात मला एका बाईची फार आठवण येते. रामपूरच्या आबादी बानो बेगम, सगळे त्यांना बी अम्मा म्हणत. मौलाना मुहम्मद अली आणि शौकत अली यांची आई. ऐन तारुण्यात विधवा झाल्या. स्वतःचं औपचारिक शिक्षण नव्हतं. मुलांना इंग्रजी शाळेत घालायला घरच्यांचा विरोध, पैसे मिळेनात. त्यांनी गुपचूप दागिने गहाण टाकून मुलांना शिकवलं. मुहम्मद अली पुढे अलिगढहून ऑक्सफर्डपर्यंत गेले. आणि याच बाई उतारवयात, खिलाफत-असहकाराच्या दिवसांत, खादी नेसून सभांमधून बोलत होत्या, इतरांना खादी घ्यायला सांगत होत्या. १९२४ साली त्या गेल्या. आपण त्यांना शूर माता म्हणून आठवतो, पण मला त्यांचं खर्चाचं गणित जास्त आवडतं. कशावर हात आखडायचा आणि कशासाठी अंगावरचं उतरवून द्यायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अम्मीलाही ते माहीत होतं. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पूर आला तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. मी ऑनलाइन मागवून दिलेलं बरंच काही तिथे होतं. फूड प्रोसेसर, सोफ्याची नवी कव्हरं, मसाजचं यंत्र. अम्मीने शेजारच्या पोराला हाताशी धरून शिलाई मशीनचं डोकं, कुराण आणि तो पत्र्याचा डबा तेवढा वर नेला. पाणी ओसरल्यावर रस्त्यात दोन्ही बाजूंना घराघरांतलं सामान चिखलात ढिगाने पडलं होतं. आमचाही ढीग होता. मी त्याचे फोटो बघून हळहळत होते. फोनवर अम्मी म्हणाली, “ते तुझंच होतं गं, माझं वर आहे.”

माझं कार्ड सप्टेंबरपूर्वीच कोरं झालं. गेल्या रबीउलअव्वलमध्ये माझी बचत पहिल्यांदा निसाबाच्या वर गेली. तारीख मी शीटमध्ये लाल रंगाने भरून ठेवली आहे. पूर्ण चांद्रवर्ष ती रक्कम टिकली तर जकात फर्ज होईल. आमच्या शाफई मताप्रमाणे मध्ये शिल्लक निसाबाखाली गेली, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हॉल घेतला असता तर गेलीच असती. त्यात चांदीचा भाव असा पळतोय की निसाब माझ्या पुढे धावतो आणि मी मागून बचत करत जाते. कंपनीत टार्गेट असंच सरकतं, त्यामुळे सवय आहे.

परवा अम्मीला हे सगळं सांगितलं. एक्सेल तिला कळत नाही, हौल-निसाब नीट कळतो. तिने विचारलं, किती महिने राहिले? मी सांगितलं. “मग तोवर मोडू नकोस,” ती म्हणाली, आणि लगेच पुढचं विचारलं, “आणि देणार कुणाला, ते ठरवलंयस का?”

ते मी अजून ठरवलेलं नाही.